दमयंती खेळली असती तर

दमयंती आमच्याकडची. अमरावतीहून तिवस्याच्या वाटेने गेले की वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर लागते. विदर्भ देशाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे आम्ही वऱ्हाडकर मानतो. रुक्मिणी तिथली, दमयंती तिथली, अज राजाची इंदुमती विदर्भाची, अगस्तीची लोपामुद्राही विदर्भाचीच लेक. माझी आजी ही यादी बोटे दुमडून सांगे आणि शेवटी म्हणे, "चार लेकी देल्ल्या बाप्पा. एक जावई देव, एक ऋषी, एक सरळ राजा, अन् एक जुगारी. चारात एक म्हणजे काही वाईट नाही."

नळाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पण ती बहुधा हंसापाशी आणि स्वयंवरापाशी रेंगाळते. पुढचा भाग मी मोठेपणी नीट वाचला. नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळायला बसतो आणि महिनेच्या महिने उठत नाही. प्रजा दाराशी येते, मंत्री येतात. दमयंती रडत सांगते, लोक भेटीला उभे आहेत. तो उत्तर देत नाही. ती बृहत्सेना नावाच्या दासीकडून मंत्र्यांना पुन्हा बोलावते. तो मान वर करत नाही. तेव्हा ही शहाणी बाई काय करते? वार्ष्णेय सारथ्याला बोलावून दोन्ही मुले रथात बसवते आणि माहेरी कुंडिनपूरला पाठवून देते. राज्य अजून पूर्ण गेलेले नसते, पण ते जाणार हे तिला कळलेले असते. नवऱ्याचे अबोलणे, कामाचा विसर, हरत असता वाढत जाणारा हट्ट, या खुणा तिने वैद्याला न विचारता वाचल्या.

मला नेहमी वाटत आले की खेळणारा नळ होता म्हणूनच हे इतके स्पष्ट दिसले. फासे दमयंतीच्या हाती असते, तर नळाला काय दिसले असते?

आपल्या साऱ्या वाङ्मयात या प्रश्नाला उत्तर नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यात बिचारा स्वतःच सांगतो की सासू तिरस्कार करते, बायको दूर लोटते, आई झुरते. म्हणजे अवतीभवती बायका तीन, पण फासे याच्याच हाती. धर्मराज द्रौपदीला पणाला लावतो. नळाने पहिल्या खेळात दमयंतीला पणाला लावायचे टाळले, म्हणून आपण त्याला धर्मराजापेक्षा वरचा मानतो. मात्र दुसऱ्या खेळात, पुष्कराला हरवायला तो परत येतो तेव्हा, त्याने तिलाही पणात घातले आहे. कीर्तनकार हे सहसा सांगत नाहीत. उरली एकटी पार्वती. ती शंकराशी सारीपाट खेळते आणि जिंकते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात हा डाव कोरलेला आहे आणि पाडव्याला घरोघर पट मांडायची चाल तिच्यावरूनच पडली असे म्हणतात. पण तो संसारातला लाडिक खेळ. बाई खेळाच्या इतकी आहारी गेली की घर बुडाले, अशी एकही गोष्ट आजीच्या पोतडीत नव्हती.

घरात मात्र होती. ती कोणी सांगत नसे, एवढेच.

आधी जी सांगत, ती सांगते. आमचे धाकटे काका अकोल्याला एका अडत्याकडे हिशेबनीस होते. कापसाच्या मुलखातल्या माणसाला दूरच्या आकड्यावर घर तरते आणि बुडते हे कोणी शिकवावे लागत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडात पैशाचा पूर आला. यादवी संपली आणि पूर ओसरला. शंभर वर्षांनी तोच अमेरिकेचा कापूस निराळ्या रूपाने आला. न्यूयॉर्कच्या बाजारात रुई कोणत्या भावाने उघडली आणि कोणत्या भावाने मिटली, हे तारेने मुंबईला येई आणि त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. रुईशी त्यांचा संबंध नसे, नुसत्या आकड्याशी असे. १९६१ साली ते भाव यायचे थांबले; तर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत मडक्यातून आकडा काढायला सुरुवात केली. त्यावरून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, पण नाव तेच राहिले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक तो 'ओपन'. पुन्हा तीन काढले की 'क्लोज'. दहांतला एक अंक बरोबर ओळखला तर साधारण नऊपट पैसे. हिशेब अगदी सोपा आहे. दहांत एकदा लागणार आणि नऊपट मिळणार, म्हणजे खेळणारा सावकाश का होईना, बुडणारच. काका हिशेबनीस होते. त्यांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

काकांचा जुगार सगळ्या अकोल्याला माहीत होता. जिंकले की ते टोपलीभर जिलबी आणत आणि आळीत वाटत. हरले की घरात ताट आपटल्याचा आवाज येई. दारात देणेकरी उभे राहून मोठ्याने बोलत. "बाबा, फक्त एक आकडा लागू द्या, सगळं वापस आणतो," हे वाक्य त्यांनी आजोबांना किती वेळा ऐकवले असेल कोण जाणे. शेवटी घरची माणसे बसली. आजोबांनी दहा एकर जमीन विकून कर्ज फेडले, काकांना अमरावतीला आणून ठेवले, हातात पैसा द्यायचा नाही असे ठरवले. वर्ष दोन वर्षांत ते सावरले. आणि गंमत अशी की ते म्हातारे झाल्यावर त्यांच्या जुगाराच्या गोष्टी आम्ही मुले हट्टाने ऐकत असू. दहा एकर गेले खरे, पण त्याबदल्यात घराला एक 'रंगेल काका' मिळाला!

आता दुसरी गोष्ट. ती वडिलांच्या चुलतभावाच्या बायकोची. आम्ही तिला काकूच म्हणत असू. तीही अकोल्याची. नवरा रेल्वेत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मुलगे शिकायला पुण्याला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. पंचेचाळिशीपर्यंत या बाईने पत्त्याला हात लावला नव्हता. कुठल्याशा दुपारी भाजीवालीने सांगितले, "बाई, काल माह्या सपनात नाग आला, मी सत्ता लावला अन् सत्ताच आला." चार आण्यांपासून सुरुवात झाली. मधला निरोप्या भाजीवालीचा पोरगा. दोन वर्षांच्या आत सगळे संपले होते. काकांना बुडायला बारा वर्षे लागली होती.

या दोन वर्षांत आम्हांला काय दिसले, ते सांगते. ती अबोल झाली. हळदीकुंकवाला जाईना. हातात पाटल्यांऐवजी नुसत्या काचेच्या बांगड्या आल्या. विचारले तर म्हणे, पॉलिशला दिल्या आहेत. मोठी पितळी घागर दिसेना. म्हणे, गळत होती. तिला झोप लागेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि या वयात असे व्हायचेच म्हणून सांगितले. सासूने निदान केले की बाहेरचे काही लागले आहे. तेव्हा तिला अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला आणले, ओटी भरली. देवीपुढे ती खूप वेळ डोके टेकून राहिली. आम्ही म्हटले, भक्ती!

दारात कोणी देणेकरी आला नाही, कारण तिने उसने घेतले ते बायकांकडून, आणि बायका दारात उभ्या राहून ओरडत नाहीत. ताट आपटले नाही. जिंकल्यावर जिलबी आली नाही. जिंकलेले कोणाला सांगायचे? तिचे जिंकणेही चोरटे होते.

एके दिवशी ती सकाळी घरातून गेली ती परत आली नाही. रात्री नऊ वाजता आमच्या ओळखीच्या एका माणसाला बडनेरा स्टेशनात, फलाटाच्या अगदी टोकाशी, बाकावर बसलेली दिसली. सकाळपासून तिथेच होती. किती गाड्या तिच्यासमोरून गेल्या असतील! त्या माणसाने चहा पाजून तिला घरी आणले. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याखालच्या खणात, देवांच्या वस्त्रांच्या घडीखाली, आकड्यांच्या चिठ्ठ्यांची जुडी सापडली. तारखेवार लावलेली. टापटीप फार होती तिला.

मग घरची माणसे बसली नाहीत. जमीन विकली नाही. "बाईची जात अन् आकडा लावते," एवढे एक वाक्य कोणीतरी बोलले आणि तिला माहेरी पाठवले. ती गोष्ट कधीही, कोणीही, हसून सांगितली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर, ती अमरावतीला राहायला आली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एकदा दुपारी वाती वळता वळता मी धीर करून विचारले, "काकू, तुम्हांला खरंच वाटत होतं का हो, की पैसे येतील?" ती वात वळायची थांबली नाही.

"पैशाचं काय व पोरी. पैसा तं जातच होता. पण सकाळी आकडा लावला का संध्याकाळपावेतो मी कोणाची कोणी नव्हती. ना सासूची सून, ना पोराइची माय. निस्तं वाट पाहणं. थे वाट पाहणं मले बरं वाटे. आकडा येऊन गेला का मंग पुन्हा घर."

काकांचे "सगळं वापस आणतो" आणि काकूचे हे बोलणे, दोन्ही एकाच रोगाची वाक्ये आहेत हे मला कितीतरी दिवस पटत नव्हते.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा डॉक्टर मंडळी या बाबतीत काय म्हणतात ते पाहिले. जुगाराच्या नादाला रोग म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० साली. २०१३ मध्ये त्याला दारूच्या पंक्तीला, व्यसनांत, बसवले. आज त्याची नऊ लक्षणे धरतात आणि वर्षभरात त्यांतली चार दिसली तर रोग मानतात. पणाची रक्कम वाढवत नेणे, खेळ सोडताना चिडचिड, सोडण्याचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विचार, मन उदास असता खेळणे, हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, नोकरी किंवा नाती गमावणे, कर्जातून सोडवायला दुसऱ्यांपुढे हात पसरणे. यादी चांगली आहे. पण ती कोणाला पाहून तयार झाली? जुगाऱ्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी पहिला संघ काढला तो १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला, आणि त्यात बहुतेक पुरुष. रुग्णालयात ठेवून उपचार करायला रॉबर्ट कस्टर या डॉक्टरांनी १९७२ च्या सुमारास सुरुवात केली ती ओहायो राज्यात, युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात. तिथेही पुरुषच. म्हणजे यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमचे काका होते. काकूला पाहून यादी केली असती, तर 'मन उदास असता खेळणे' हे नवांतले एक न राहता सगळ्यांत वर लिहिले गेले असते, असे मला वाटते.

बायकांकडे पाहायला पुढे सुरुवात झाली. जुगार सोडवायला आलेल्या बायकांत खिन्नता आणि भीती पुरुषांपेक्षा अधिक आढळली. पुरुष ज्यात आपली हुशारी चालेल असे खेळ धरतात: पत्ते, घोडे, सामने. बायका ज्यात डोके चालवावे लागत नाही ते: यंत्रे, सोडती, आकडे. पुरुष झिंगेसाठी खेळतो, बाई सुटकेसाठी. हे ढोबळ आहे, उलट उदाहरणेही पुष्कळ सापडतील. पण काकूचे "मी कोणाची कोणी नव्हती" मी कोणत्याही पुस्तकाच्या आधी ऐकले होते.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. २००१ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या डॉक्टरांनी उपचाराला आलेल्या जुगारी स्त्री-पुरुषांचा इतिहास लिहून काढला. बायका खेळायला उशिरा लागल्या होत्या, पण लागल्यापासून बुडेपर्यंतची वाट त्यांनी पुरुषांच्या दुपटीहून अधिक वेगाने चालली होती. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकून ती आखूड होते, तशी बाईच्या बाबतीत वर्षे आखूड होतात, असे त्याला म्हणतात. काकांची बारा वर्षे, काकूची दोन! मी पेन्सिलीने खूण केली. पण शास्त्र असे सहजासहजी सुखाने बसू देत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या भावंडांच्या मोठ्या पाहणीत, म्हणजे दवाखान्याबाहेरच्या साध्या लोकांत, बायकांची ही घाई दिसलीच नाही. मग खरे काय? मला वाटते, दोन्ही खरे असतील. जी बाई दवाखान्याच्या दारापर्यंत येते ती तळाला पोचल्यावरच येते. तोवर ती कुणाच्या हिशेबात नसते. पुरुषाची आरडाओरड त्याला आधीच कोणाच्या तरी पुढ्यात आणून उभी करते. काकू खरेच दोन वर्षांत बुडाली, की आम्ही तिच्याकडे पाहिले तेच शेवटी? हे आता तिला विचारता येत नाही. ती गेली.

ऋतुपर्णाने नळाला अक्षविद्या शिकवली ती एका बेहड्याच्या झाडाखाली. तेव्हा नळाच्या अंगातला कली निघून त्या झाडात शिरला. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच करत. अयोध्येहून विदर्भाकडे येणाऱ्या रस्त्यावरचे ते झाड. आमच्या मेळघाटात बेहडे रग्गड आहेत, आणि प्रत्येकाकडे मी जरा संशयानेच पाहते.

आता कलीला झाड लागत नाही. भाजीवालीचा पोरगाही लागत नाही. फोन पदराखाली, पांघरुणाखाली, स्वयंपाकाच्या ओट्यावर राहतो. त्यात रमी असते, रंगीत चक्रे असतात, आणि पैसे बोटाच्या टोकाने जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बरे झाले. पण खेळ बंद झाला म्हणून झालेले कर्ज बंद होत नाही.

ते मला त्याच भाद्रपदात कळले. आमच्या माहेरी, अमरावतीला, महालक्ष्म्या बसतात. पश्चिमेकडे गौरी म्हणतात, आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. घरातल्या सुनांचे दागिने त्या तीन दिवसांत देवींच्या अंगावर असतात. भाच्याची बायको लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा पोहेहार ज्येष्ठेच्या गळ्यात पाहायची आम्हांला सवय. त्या वर्षी ज्येष्ठेच्या गळ्यात पोहेहार होता, पण तो नुसता चकाकत होता. सोन्याचा हार गळ्यावर बसतो. हा उचलल्यासारखा उभा होता. सगळ्यांनी आरती केली. पुरणपोळ्या वाढल्या गेल्या, सोळा भाज्या वाढल्या गेल्या. पोर हसतमुख वाढत होती. तिला कोणी ओरडून बोलत नव्हते, दारात कोणी उभे नव्हते, ताट कोणी आपटले नव्हते. फक्त गेल्या सहा महिन्यांत ती भिशीला गेली नव्हती आणि दुपारचा फोन उचलत नव्हती. एवढेच मला ठाऊक होते.

रात्री भांडी आवरल्यावर मी तिला गच्चीवर नेले आणि विचारले, "हार कुठे आहे?"

"बँकेच्या लॉकरमध्ये, आत्याबाई."

"बरं. दुपारी काय करतेस?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हांला कोणी सांगितलं?"

मी तिला काकूचे सांगितले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच कोणी कोणाला सांगत होते. बडनेऱ्याच्या बाकापाशी आल्यावर ती रडू लागली. आपण एकट्याच आहोत असे तिला वाटत होते. सोन्यावर घेतलेले कर्ज एक, फोनवरून घेतलेली लहान कर्जे पाच, आणि दोन मैत्रिणींचे पैसे. मी आतून जुनी वही आणली आणि आम्ही एकेक रक्कम लिहीत गेलो. ती बेरजेला घाबरत होती, म्हणून बेरीज मी केली. 'टेलि-मानस' म्हणून सरकारने २०२२ पासून चालवलेली मदत आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतून बोलता येते, तोंड दाखवावे लागत नाही. तो क्रमांकही त्याच पानावर लिहिला.

"ह्यांना तुम्ही सांगाल का मी सांगू?" तिने विचारले.

"तू सांग. मी शेजारी बसते."

"आणि बाबांना?"

खाली माझा भाऊ काकांच्या जिलबीची गोष्ट नातवंडांना सांगत होता. पोरांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. मी वही मिटली आणि तिला म्हटले, "चल, त्याचं झालं की त्याला वर बोलावू."